शोणवतीवरच्या शिवलेल्या नावा

फार पूर्वी शोणवती नदीच्या काठी कंकावती नगरीत सिंहकेतू नावाचा तरुण राजा धर्माने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथील एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुनीथ. वडिलांच्या मागे त्याने व्यापार सांभाळला, आणि तरुणपणीच नगरीतल्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या संघात, त्याच्या शब्दाला वजन आले.

कंकावती तेलावर जगत असे. पठारावरच्या गावांतून तीळ येत, नगरीतल्या घाण्यांवर त्यांचे तेल निघे, आणि ते तेल बैलांच्या पाठीवरून अवघड घाट उतरून शंखद्वार बंदराला जाई. समुद्रापलीकडून आलेले व्यापारी ते तिथे विकत घेत. तेल वाहायला कातड्याचे बुधले लागत. मातीचा घडा घाटातल्या पहिल्याच ठेचेला फुटे. बुधला मात्र बैल अडखळून पडला तरी शाबूत राही. त्यामुळे तेल्यांइतकीच नगरीला चर्मकारांची गरज होती. वेशीबाहेर पूर्वेला त्यांची मोठी वस्ती होती आणि बिंदुल नावाचा वृद्ध कारागीर त्या वस्तीचा प्रमुख होता.

सुनीथाला एक सवय होती. राजाची दवंडी फिरली की लोक आपले त्यात काय जाते एवढेच पाहत आणि घरी परतत. सुनीथ थोडा वेळ तिथेच उभा राही. या आज्ञेने कोणाची वाट बंद झाली आणि कोणाची उघडली, याचा तो विचार करी. पुष्कळदा त्या विचारातून काहीच निघत नसे. तरी त्याने ती सवय सोडली नाही.

एका वर्षी अशीच एक दवंडी नदीकाठी पिटली गेली होती. शोणवती कंकावतीहून थेट समुद्राला मिळते. पण वाटेत तीन छोट्या राजांची ठाणी होती आणि प्रत्येक जण नावेतल्या मालावर जकात घेई. ती भरता भरता माल बंदराला पोहोचेपर्यंत निम्मा उरे, म्हणून नदीने कोणी व्यापार करीत नसे. सिंहकेतूने त्या राजांना आपल्या सत्तेखाली आणले आणि नदीवरची जकात उठवली. व्यापाऱ्यांपैकी कोणी तिकडे लक्ष दिले नाही. नदीने माल नेण्याची सवयच कोणाला उरली नव्हती. दवंडी ऐकली ती कोळ्यांनी, आणि सुनीथाने.

पुढच्या वर्षी पावसाळा सरत आला असताना राजा नगरीबाहेर फेरफटका मारायला निघाला आणि वाट चुकून खाटिकखान्याच्या मागच्या मैदानात पोहोचला. सुगीच्या आधी बुधल्यांसाठी तिथे म्हशी-रेडे मारले जात. काठ्यांवर ओली कातडी वाळत घातली होती. त्यांतल्या एका कातड्याला एक रेडकू बिलगून उभे होते. ते आईच्या वासाने आले होते आणि जिथे आचळ असायचे तिथे तोंड लावून चोखत होते. राखणदाराने त्याला दोनदा हाकलले. ते पुन्हा आले.

राजा घोड्यावरून उतरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग ते रेडकू त्याने राजवाड्याच्या गोठ्यात पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडी फिरली, की आश्विनी पौर्णिमेपासून कंकावतीच्या राज्यात कातड्यासाठी कोणत्याही प्राण्याचा वध होणार नाही आणि बाहेरून कातडेही आणले जाणार नाही.

त्याच संध्याकाळी श्रेणीची सभा भरली. श्रेणीचा मुखिया करंडक नावाचा श्रेष्ठी होता. तो क्रूर नव्हता, लबाडही नव्हता. त्याच्याकडे नगरीतले सर्वांत जास्त बैल होते आणि व्यापारात आयुष्य गेल्यामुळे भाव कुठे चढेल हे त्याला इतरांच्या आधी कळे. व्यापारी घाबरले होते. कोणी म्हणाले, राजाला भेटून विनंती करावी. कोणी म्हणाले, शेजारच्या राज्यातून कातडे आणावे. पण आज्ञा तेही आणू देत नव्हती. करंडकाने सर्वांचे ऐकून घेतले आणि मग आपला बेत सांगितला. नगरीत तयार असलेले सगळे बुधले आजच विकत घ्यायचे. ज्याच्याकडे बुधले, त्याच्याच हाती या वर्षीचे तेल. आज्ञेत बुधले साठवायला मनाई नव्हती.

बुधले सर्वांत जास्त होते सुनीथाकडे. करंडक त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुझे बुधले मला दे, मागशील ती किंमत देतो. नाहीतर माझ्याबरोबर भागीत ये. दोघे मिळून राहिलो तर तिसऱ्याला जागाच नाही."

सुनीथाने विचारले, "आणि तेल्यांनी काय करायचे?"

"त्यांनी तेल आपल्याला विकायचे. दुसरे कोण घेणार आहे?"

"श्रेष्ठी, बुधला जुना होतो. दोन-चार पावसाळ्यांत तो तडकतो. तुम्ही जे साठवणार आहात ते वापरले तरी संपणार आणि नाही वापरले तरी संपणार. त्यानंतर काय?"

"त्यानंतर राजाची दयाही ओसरलेली असेल," करंडक शांतपणे म्हणाला. "मी तीन राजे पाहिले आहेत."

सुनीथाने बुधले विकले नाहीत आणि भागीही घेतली नाही. ज्या लहान तेल्यांकडे स्वतःचे बुधले नव्हते, त्यांना त्याने आपले बुधले नेहमीच्याच भाड्याने वापरायला दिले. नगरीच्या गरजेपुढे ते फार थोडे होते. बाकीचे सगळे करंडकाच्या कोठारात गेले.

सुनीथ मग रोज सकाळी नदीच्या घाटावर जाऊन बसू लागला. त्याच्या मनात तीन गोष्टी एकमेकींजवळ येत होत्या. नदीवरची जकात उठली होती. कातडे बंद झाले होते. आणि तिसरी गोष्ट जुनी होती. शंखद्वारचे अत्तर करणारे गंधी त्याच्या वडिलांच्या काळापासून एकच तक्रार करीत आले होते, की कंकावतीचे तेल उत्तम, पण त्याला कातड्याचा वास येतो, म्हणून ते फक्त दिव्यांच्या कामाचे. तेल घड्यांतून नेता आले तर तो वास राहणार नव्हता. घडा घाटात फुटतो हे खरे, पण नदीने गेले तर घाट लागतच नाही. राजाच्या आज्ञेने एक वाट बंद झाली म्हणून सगळे हळहळत होते, आणि तिच्याहून चांगली वाट वर्षभर त्यांच्या दारापुढून वाहत होती.

अडचण एकच होती. नगरीपासून काही कोसांवर दंतशिला नावाचा टापू होता. तिथे पाण्याखाली काळ्या खडकांच्या रांगा होत्या. कोळ्यांच्या हलक्या डोण्या त्यांतून जात, पण माल भरलेली जड नाव खडकाला लागली की तिच्या फळ्या खिळ्यांपाशी उखडत. सुनीथाने लहानपणी बंदरावर वेगळ्या नावा पाहिल्या होत्या. त्यांना खिळा नव्हता. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या होत्या. लाटेने आपटले की त्या नावा लवत आणि पुन्हा सरळ होत. तशी नाव दंतशिलेतून निघू शकेल, असे त्याला वाटले. मात्र ती शिवणारे हात कंकावतीत हवेत.

असे हात कुठे आहेत हे आठवायला त्याला वेळ लागला नाही.

तो चर्मकारांच्या वस्तीत गेला तेव्हा तिथे गाड्या भरल्या जात होत्या. आश्विन संपत आला होता, हाताला काम नव्हते, आणि वस्तीने उत्तरेकडच्या राज्यात निघून जायचे ठरवले होते. व्यापारी पाहताच माणसांनी तोंडे फिरवली. बिंदुल एका बाजेवर बसला होता. त्याने सुनीथाला बसायला सांगितले नाही.

"उरलेले बुधले न्यायला आला असाल, मालक," तो म्हणाला, "तर उशीर झाला. करंडक श्रेष्ठींची माणसे येऊन गेली."

"बुधले नकोत, बाबा," सुनीथ म्हणाला. "तुमची शिवण हवी आहे. लाकूड शिवायचे आहे."

वस्तीतली काही माणसे हसली. बिंदुल हसला नाही, पण त्याला ती थट्टा वाटली. लाकूड कातड्यासारखे लवत नाही, असे त्याने तुटकपणे सांगितले. सुनीथ जमिनीवर बसला, काडीने मातीत नावेचे चित्र काढले आणि बंदरावर पाहिलेले सगळे सांगू लागला: फळीच्या कडेला भोके कशी पाडतात, दोरी आतून कशी फिरवतात, सांध्यात काथ्या कसा ठासतात. त्याला सगळे आठवत नव्हते, आणि जिथे आठवत नव्हते तिथे तसे तो सांगत होता. हळूहळू बिंदुल बाजेवरून उतरून चित्राजवळ येऊन बसला. त्याची सून पाटला, जी वस्तीत सर्वांत घट्ट टाका घाली, तीही पाठीमागे उभी राहून ऐकू लागली.

शेवटी बिंदुल म्हणाला, "आम्ही लाकडाला कधी हात लावलेला नाही. बुडाली तर?"

"बुडाली तर माझे तेल बुडेल. तुमची मजुरी नाही बुडणार. दुसरी नाव करू."

"आणि आमच्यासाठी तुम्ही हे का करता? आम्ही गेलो तर तुमचे काय बिघडते?"

सुनीथाने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबा, मी व्यापारी आहे. यात मला नफा दिसतो, तो मी लपवत नाही. पण मी एकट्याने मिळवावा असा हा नफा नाही. तुमच्याशिवाय नाव होत नाही, कुंभारांशिवाय घडा होत नाही, आणि नाव चालली नाही तर राजाची आज्ञा टिकत नाही. त्या मैदानात पुन्हा म्हशी बांधल्या जातील. मला ते नको आहे."

बिंदुलाने गाड्यांतले सामान उतरवायला सांगितले.

कुंभारांनी जाड बुडाचे, अरुंद तोंडाचे घडे घडवले. सुतारांनी सागाच्या पातळ फळ्या दिल्या. बंदरावरून काथ्या आला. चर्मकारांनी आपल्या आऱ्यांनी फळ्यांना भोके पाडली आणि कार्तिकात पहिली नाव पाण्यात उतरली. ती पाहायला अर्धी नगरी घाटावर जमली होती. नाव निम्म्या पात्रापर्यंत नीट गेली, मग हळूहळू खाली बसू लागली. शिवणीच्या भोकांतून पाणी आत येत होते. नावाडी पोहत काठाला आले, घडे उलटले आणि तेलाचा चकाकता पट्टा नदीवरून वाहत गेला. घाटावर हशा पिकला. करंडक हसला नाही. तो आपल्या माणसाला म्हणाला, की माणूस हुशार होता, वाया गेला.

बिंदुल मान खाली घालून उभा होता. सुनीथ कोळ्यांसह पाण्यात उतरला, नाव ओढून उथळ पाण्यात आणली आणि तिच्या अंगावर हात फिरवून पाहू लागला. मग त्याने बिंदुलाला जवळ बोलावले.

"बाबा, हे पाहा. एक टाका उसवलेला नाही. शिवण चुकली नाही, फक्त भोके उघडी राहिली. बुधल्याची भोके तुम्ही कशाने बुजवता?"

"चरबीने. आता चरबी कुठली?"

पाटला पुढे आली. तिच्या माहेरी चरबी महाग पडे, म्हणून करंजाच्या तेलात राळ कढवून तीच शिवणीत भरत, असे तिने सांगितले. तिने कधी नावेवर ती लावली नव्हती; टिकेल की नाही ते तिला माहीत नव्हते. सुनीथाने त्याच दिवशी राळ आणवली. पहिली राळ वाळल्यावर तडकली. पाटलाने तेल वाढवले, मग ती चिकट राहिली. असे करीत मार्गशीर्ष उजाडला तेव्हा राळ जमली, आणि दुसरी नाव रात्रंदिवस पाण्यात ठेवूनही आतून कोरडी राहिली.

इकडे नगरीचे हाल चालले होते. करंडकाचेच तांडे घाट उतरत होते आणि तो सांगेल त्या भावाने तेल विकावे लागत होते. घाणे बंद पडू लागले. लोक करंडकाला दोष देत नव्हते, कारण त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. ते राजाच्या आज्ञेला दोष देत होते. एके दिवशी तेली राजवाड्याच्या दारात जमले आणि त्यांच्यातला एक म्हातारा राजाला म्हणाला, "महाराज, रेड्याचा जीव वाचला. आमचा जातो आहे."

ते वाक्य राजाच्या मनाला लागले. अमात्यांनीही सल्ला दिला, की आज्ञा मागे घेण्यात कमीपणा नाही. राजा गोठ्यात जाऊन ते रेडकू पाहून आला. ते आता चांगले बाळसे धरून होते. मग त्याने सभेत सांगितले, की पौषी पौर्णिमेपर्यंत तो वाट पाहील. तोवर लोकांची स्थिती सुधारली नाही तर आज्ञा मागे घेईल.

सुनीथाने हे ऐकले आणि घडे भरायला सांगितले. नाव अजून दंतशिलेतून गेलेली नव्हती. दुसऱ्याला त्या खडकांत पाठवणे त्याला बरे वाटेना, म्हणून तो स्वतः निघाला. बिंदुल आपली आरी, दोरी आणि राळेचे मडके घेऊन घाटावर आधीच येऊन बसला होता. सुनीथाने त्याला वयाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "माझी शिवण मीच पाहणार," आणि नावेत चढला.

दंतशिलेपाशी नदी अरुंद झाली आणि पाण्याचा आवाज वाढला. पुढे बसलेल्या कोळ्याने बांबू रोवून नाव वळवली, पण प्रवाहाने ती खेचली आणि एका खडकावर घासत नेली. फळ्या आतल्या बाजूला लवल्या. भाताच्या पेंढ्यात बसवलेले घडे एकमेकांना टेकले. सुनीथाने फळीवर तळहात ठेवला होता. त्याला लाकूड हाताखाली फुगताना आणि पुन्हा सपाट होताना कळले. मग नाव खडकावरून सुटली आणि संथ पाण्यात आली. एका सांध्यातून पाणी झिरपू लागले होते. बिंदुल गुडघ्यांवर बसून तो सांधा बुजवत होता. इतका आनंद आपल्याला कधी झाला नव्हता, असे त्याने नंतर पाटलाला सांगितले.

शंखद्वारच्या गंध्यांनी घड्याचे तोंड उघडून तेल हुंगले आणि एकमेकांकडे पाहिले. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गंध्याने बोटावर थेंब घेऊन तो मनगटावर चोळला. तेलाला तिळाशिवाय कशाचाही वास नव्हता. असे तेल आणखी किती मिळेल, एवढेच त्याने विचारले. पुढच्या वर्षभराचे गिऱ्हाईक सुनीथाला त्या एका सकाळी मिळाले. परतताना त्याने नावेत मीठ आणि काथ्या भरला, आणि काठाने चालणाऱ्या बैलांकडून नाव प्रवाहाविरुद्ध ओढवून घेत तो कंकावतीला आला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो राजसभेत उभा राहिला. करंडकासह श्रेणीचे सर्व व्यापारी तिथे होते. सुनीथाने घडलेले सांगितले आणि नदीवर आणखी नावा चालल्या तर एकाही घाण्याला थांबावे लागणार नाही, असे सांगून तो थांबला. राजाचा चेहरा उजळला. आज्ञा मागे घेतल्याची दवंडी द्यायला दवंडीवाला बाहेर थांबला होता. राजाने त्याला परत पाठवले.

मग राजा म्हणाला, "सुनीथा, तू माझी आज्ञा राखलीस. आजपासून शोणवतीवर तुझ्याच नावा चालतील. हा हक्क तुला आणि तुझ्या वंशाला दिला."

अशी देणगी कंकावतीत कोणाला मिळालेली नव्हती. ती घेतली असती तर सुनीथ त्या नदीचा दुसरा राजा झाला असता, आणि हे सर्वांत आधी करंडकाला कळले.

सुनीथाने हात जोडले. "महाराज, ही कृपा मोठी आहे. पण मी ती घेणार नाही."

"कारण?"

"गेले तीन महिने नगरीत तेल होते आणि ते नेण्याची साधने एकाच्या हाती होती. त्यामुळे लोकांना आपल्या आज्ञेचा राग आला. उद्या नदी एकाच्या हाती असेल. मी जिवंत असेपर्यंत कदाचित सगळे नीट चालेल. पण माझा मुलगा कसा निघेल ते मला माहीत नाही. त्याने लोकांना अडवले, तर ते पुन्हा आपल्या दारात येतील, आणि त्या वेळचा राजा आज्ञा मागे घेईल. मला द्यायचेच असेल तर दोन गोष्टी द्या. नदी सर्वांना मोकळी ठेवा आणि तिच्यावर पुन्हा जकात बसवू नका. आणि नावा शिवणाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी मान्य करा, म्हणजे बिंदुलबाबा या सभेत इतर मुखियांच्या ओळीला बसतील."

राजाने विचारले, "यात तुझे काय?"

"मी इतरांच्या आधी निघालो आहे, महाराज. तेवढे पुरेसे आहे. पुढे चांगले तेल देईन तर टिकेन."

राजाने दोन्ही गोष्टी दिल्या. वर्षभरात नदीवर पुष्कळ नावा झाल्या. काही सुनीथाच्या होत्या, बऱ्याच तेल्यांनी मिळून केल्या होत्या. चर्मकारांच्या वस्तीतून कोणी गेले नाही. उलट बंदराकडची दोन-चार कुटुंबे काम शोधत तिथे येऊन राहिली.

करंडकाचे बुधले कोठारात कडक होत गेले. त्याने ते फार चढ्या भावाने घेतले होते. एका दुपारी तो सुनीथाच्या दारी आला. बसल्यावरही बराच वेळ तो मुख्य गोष्टीवर येईना. हवापाण्याचे बोलला, दुखणाऱ्या गुडघ्यांचे बोलला. अखेर म्हणाला, "माझे बैल घाटासाठी पाळलेले. घाटाने आता कोणी जात नाही. मी तीन राजे पाहिले असे म्हणालो होतो. चौथा मला दिसलाच नाही."

सुनीथाने त्याला पाणी दिले आणि विचारले, "श्रेष्ठी, नदी डोंगर चढते का?"

करंडकाने मान वर केली.

"नावा वाढल्या आहेत, तेल कमी पडते आहे. पठारापलीकडच्या खेड्यांत तीळ पिकतात, पण ते इथवर आणणार कोण? त्या वाटा फक्त तुमच्या बैलांना माहीत आहेत. आणि तुमचे बुधले तेलाला चालले नाहीत तरी त्या कोरड्या वाटेवर बैलांना पाणी न्यायला चालतील. कडक झाले असतील तर बिंदुलबाबा ते मऊ करून देतील. मी त्यांना सांगतो."

करंडक उठला तेव्हा त्याने सुनीथाच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या सुगीला त्याचे तांडे पठारावरून तीळ घेऊन नदीच्या घाटावर उतरू लागले. सुनीथाने आयुष्यभर दान आणि व्यापार दोन्ही केले आणि कर्मानुसार तो परलोकी गेला.

ही कथा पुढे बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी एका उपासकाला सांगितली. त्याचे नाव भोगदत्त. राजाने पेठेचे नियम बदलले म्हणून त्याचा पिढीजात धंदा मोडकळीस आला होता; नव्या नियमाला शिव्या देत आणि उरलेला माल कोठारात दडवून ठेवून तो विहारात आला होता. कथा संपल्यावर शास्ते भोगदत्ताकडे वळले. मग त्यांनी जन्मांचा मेळ सांगितला: "त्या वेळचा सिंहकेतू राजा म्हणजे आजचा स्थविर सुभूती-मित्र. बिंदुल म्हणजे विहारात सर्वांची चीवरे शिवणारा भिक्षू नंदिक, आणि पाटला म्हणजे भिक्षुणी क्षेमंकरी. सुनीथ मीच होतो. आणि भोगदत्ता, कोठार भरून बसलेला करंडक श्रेष्ठी तू होतास. त्या वेळी तू उठून दारापर्यंत आलास, म्हणून तुला वाट सापडली. आताही ऊठ."

भोगदत्ताने वंदन केले, घरी जाऊन कोठाराची दारे उघडली आणि पेठेत काय बदलले आहे ते पाहायला बाहेर पडला.

बोधिसत्त्वाने या जन्मात प्रज्ञापारमिता पूर्ण केली, म्हणजे ती प्रज्ञा मिळवली, जी बदल ओळखते आणि त्याचे फळ एकट्यासाठी राखून ठेवत नाही.